चौदा रिकाम्या खाटा

त्या वर्षी आमच्या ऐन रुम्माना गावाच्या उतारावरची जैतुनाची झाडे फांद्या वाकेपर्यंत लगडली होती आणि तोडणीला हात पुरत नव्हते. आमची एकशे वीस झाडे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही चौघे उजाडताच निघत असू: मी, माझी पत्नी महबूबा, सून नजवा आणि शेजारची विधवा दहबिया. मुलगा लझहर गाबेस शहरातल्या कारखान्यात होता. तो शनिवारी संध्याकाळी येई आणि रविवारी परत जाई. चार वर्षांच्या नातीला, मैसमला, गाढवावर रिकाम्या पोत्यांच्या मध्ये बसवून नेत असू.

कामाचा क्रम ठरलेला होता. आधी खोडाभोवती जाळी पसरायची आणि उताराच्या बाजूची तिची कड दगडांनी उचलून धरायची, म्हणजे फळे घरंगळत नाहीत. मग तिपायी शिडी. बायका अंगठ्यात आणि पुढच्या दोन बोटांत बकऱ्याच्या शिंगांची टोके चढवीत आणि केस विंचरावेत तशी फांदी वरून खाली विंचरीत. फळे जाळीवर गारांसारखी पडत. शिंगाच्या आत चिंधी भरलेली असली तरी दहाव्या दिवसापर्यंत नखे निळी होतात. दहिवराचे पाणी फांदीवरून कोपरापर्यंत उतरते आणि ऊन वर येईपर्यंत बोटे आपली राहत नाहीत.

नजवाला सातवा महिना होता. शिडीवर चढायचे नाही, असे मी तिला बजावले होते. ती जाळीवर पाय पसरून बसे आणि फळांतली पाने वेचून काढी. आणि माझी पाठ वळली की उठून खालच्या फांद्या विंचरी. तिच्या हाताचा वेग आमच्यांत कोणाला नव्हता.

"बाबा बघतायत," महबूबा तिला खालच्या आवाजात म्हणे.

"बघू देत. मी जमिनीवरच उभी आहे."

मैसमच्या वेळी तिचे पोट उघडावे लागले होते. त्यामुळे या खेपेला रुग्णालयाच्या तारखा आम्ही नेमाने पाळत होतो. नोव्हेंबरच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेलो. डॉ. शाकिर हे आमच्या रुग्णालयातले एकुलते एक प्रसूतितज्ज्ञ; इतर शस्त्रक्रियाही तेच करीत. वय बासष्ट. त्यांनी तिला तपासले आणि ते हात पुसत माझ्याकडे वळले. आमच्याकडे मानाने हाक मारताना नावाआधी 'सी' लावतात.

"सी तिजानी, जानेवारीच्या पंचवीसच्या आसपास. बाळ छान आहे. पण पोटावर जुनी शिवण आहे, तेव्हा कळा सुरू झाल्या की ऑपरेशन थिएटर उघडं आणि तयार पाहिजे. आणि मी एकटा, म्हणून माझं थिएटर दुपारी दोनला बंद होतं. शनिवारी बाराला. रविवारी उघडतच नाही."

"आणि कळा दोननंतर आल्या तर?"

"तर राजधानी. सव्वादोन तास, त्यातला पाऊण तास घाटाचा. या शिवणीवर मी तो धोका घेणार नाही. एक जानेवारीला तिला तिकडं नेऊन ठेवा. कोणी नातेवाईक आहे?"

महबूबाची बहीण होती. चौथ्या मजल्यावर राहत असे. उद्वाहन बारा महिने बंद.

बागेत आल्यावर नजवाने शिंगे चढवली, एक पूर्ण फांदी विंचरली आणि मग म्हणाली, "मावशीच्या खिडकीतून समोरच्यांचं धुणं दिसतं. सहा आठवडे मी दुसऱ्यांच्या चादरी बघत बसायचं. मैसम इथं, लझहर गाबेसला, आणि मी तिथं. चार वर्षांपूर्वी असंच झालं होतं. बाळ दाखवायला माझ्याजवळ कोणी नव्हतं, तेव्हा मी ते जिना झाडणाऱ्या बाईला दाखवलं."

महबूबाने शिडी उचलून पुढच्या झाडाला लावली.

एक आशा मात्र होती, आणि ती डॉ. शाकिरांनीच सांगितली होती. वैद्यकीय विद्यापीठ निवासी डॉक्टरांच्या जागा वाढवणार होते, आणि वाढीव जागा मोठ्या शहरांबाहेरच्या रुग्णालयांना द्याव्यात असा विचार होता. पदवी झालेले डॉक्टर इथे राहून वरिष्ठांच्या हाताखाली विशेष शिक्षण घेतील आणि पाळीपाळीने रात्र सांभाळतील. थिएटरला कुलूप लागणार नाही. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी समिती पाहणीला येणार होती. तिने होकार दिला तर जानेवारीच्या यादीत आमचे नाव लागणार होते.

"मी आलो तेव्हा आम्ही चौघं होतो," डॉक्टर म्हणाले होते. "एक फ्रान्सला गेला, एक जर्मनीला, तिसरा किनाऱ्यावरच्या खाजगी दवाखान्यात. डॉक्टर नाहीत म्हणून शिकायला कोणी येत नाही, आणि शिकायला कोणी येत नाही म्हणून डॉक्टर मिळत नाहीत. माणूस जिथं शिकतो तिथं कधीकधी राहतो. चारांतला एक राहिला तरी पुष्कळ झालं."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाचे संचालक सी फर्जानी यांचा मला निरोप आला. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षे मी त्या इमारतीचा बॉयलर, पाण्याचे नळ आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रे सांभाळली होती. माझ्या जागी नंतर कोणी नेमला गेला नव्हता.

"इमारत तुम्हालाच कळते," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंत तिला पाहुण्यांसमोर उभी करा."

मी यादी केली. निर्जंतुकीकरण यंत्राच्या दाराचे गॅस्केट. बॉयलरची झडप. थिएटरच्या दिव्याचा सांधा, जो तीन वर्षे आपोआप खाली झुकत होता. निवासी डॉक्टरांसाठी मागच्या बाजूच्या दोन खोल्या, चार खाटा, पडद्यांच्या दांड्या, गरम पाणी. चुना. बिजागऱ्यांना तेल. पाच दिवस मी बागेत गेलो नाही.

"माणसा, झाडं तुझ्या यादीत नाहीत का?" महबूबाने विचारले. तिचे खांदे आखडले होते; भाकरीचा तुकडा मोडतानाही ती कळवळे.

"मंगळवारनंतर आहेत."

"आणि पाऊस? तो मंगळवारनंतर येणार, असं कळवलंय त्यानं तुला?"

चूक माझ्या हातून झाली ती यादीतल्या शेवटच्या कलमात. आमच्याकडे पाहुणा येणार असला की पाहुण्यांची खोली रिकामी करतात. अंथरुणे उचलतात, मुलांना शेजारी पाठवतात, आजारी म्हाताऱ्या माणसाला मागच्या खोलीत हलवतात आणि औषधांच्या बाटल्या झाकून ठेवतात. घरातले दुखणे पाहुण्याच्या नजरेला पडू देणे हा त्याचा अपमान समजतात. माझ्या आईने तिच्या अखेरच्या आजारातही, दारात कोणी आले की, आपली खाट आपल्या हातांनी भिंतीआड ओढली होती. तेव्हा मी कलम लिहिले: मंगळवारी तातडीचे सोडून कोणीही रुग्णालयात येऊ नये. शुक्रवारच्या बाजारात मी पुरुषांना सांगितले. महबूबा आणि दहबियाने बेकरीत आणि तेलाच्या घाण्यावर बायकांना सांगितले. पाहुणे येणार आहेत. दुखत असेल तर बुधवारी या.

लोकांनी माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक मनावर घेतले. सोमवारी दुपारी डॉ. शाकिर एका अडलेल्या बाईला घेऊन स्वतः रुग्णवाहिकेतून राजधानीला गेले, आणि त्यांच्यामागे वॉर्डातल्या चौदाही खाटांवरची माणसे आपापल्या पिशव्या भरून उठली. परिचारिकेने अडवले तर ती माणसे तिलाच म्हणाली, "आम्हाला शरम आहे, मुली." संध्याकाळपर्यंत खाटा मोकळ्या झाल्या. मी चादरी ताणून कोपरे दुमडले, सगळ्या खाटा भिंतीपासून सारख्या अंतरावर आणल्या आणि समाधानाने घरी गेलो.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता डॉ. शाकिर परतले. त्यांच्या गाडीमागोमाग समितीची गाडी आवारात शिरली, त्यामुळे त्यांना आत डोकावायलाही सवड मिळाली नाही.

समिती दोघांची होती. प्रोफेसर बासिमा ही ठेंगणी, सपाट बुटांतली, पांढऱ्या केसांची बाई, आणि डॉ. अनीस, निवासी डॉक्टरांचा प्रतिनिधी, तिशीच्या आतला, हातात वही घेतलेला. सी फर्जानींनी बदाम घातलेला चहा पुढे केला. प्रोफेसरांनी एक घोट घेऊन पेला ठेवला. "आधी काम."

दिवा त्यांनी वरखाली करून पाहिला. तो जिथे ठेवला तिथे राहिला. यंत्राचे दार लावून काटा चढेपर्यंत त्या थांबल्या. मागच्या खोल्यांत गरम पाण्याचा नळ सोडून त्यांनी हात धुतले. मी चार पावले मागून चालत होतो आणि माझे सगळे ठीक चालले होते. मग त्यांनी वॉर्डाचे दार ढकलले.

बराच वेळ त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग पहिल्या खाटेजवळ गेल्या, चादरीखाली हात घातला आणि तळवा गादीवर टेकवला. दुसऱ्या खाटेला तसेच केले. तिसऱ्या खाटेला केले नाही.

"डॉ. शाकिर, तुमच्या नोंदवहीत गेल्या महिन्यात एक्याण्णव बाळंतपणं आहेत."

"आहेत."

"एकेचाळीस शस्त्रक्रिया."

"आहेत."

"गाद्या थंड आहेत."

डॉक्टरांनी चौदा खाटांवरून नजर फिरवली. त्यांच्या अंगावर अजून कालचाच शर्ट होता. ते माझ्याकडे वळले. "सी तिजानी, माझी माणसं कुठं गेली?"

"योगायोग असतो कधीकधी," सी फर्जानी मधेच म्हणाले. "एखादा दिवस असा येतो."

"दोन महिन्यांपूर्वी एका गावी आम्हाला उलटं दिसलं," प्रोफेसर शांतपणे म्हणाल्या. "खाटा भरलेल्या होत्या आणि निम्मे पेशंट ठणठणीत. एकानं तर घोंगडीखाली बूट घातले होते. तिथं निदान तेवढा त्रास तरी घेतला होता. अनीस, वही मिट. शिकायला काम नसेल तर शिकणारे कशाला पाठवायचे?"

वही मिटली गेली. ती मिटल्याचा आवाज मला ऐकू आला. माझ्या डोळ्यांपुढे चौथ्या मजल्यावरची खिडकी आली. मी डोक्यावरची लाल शेशिया काढून हातात घेतली. माझ्या वयाचा माणूस बोडक्या डोक्याने कोणासमोर उभा राहत नाही.

"बाई, चूक माझी आहे. पाहुणे येणार म्हणून मी घर आवरलं."

"म्हणजे?"

"आजारी माणसं पाहुण्यांना दिसू नयेत. म्हणून मी सगळ्यांना बुधवारी या म्हटलं. खाटांवरचीही गेली. डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही, ते काल इथं नव्हते."

डॉ. अनीसने ओठ दाबून धरले होते, तरी हसू फुटलेच. "आवरलं म्हणजे पेशंट कपाटात ठेवलेत की काय, काका?"

"जैतुनाच्या बागेत आहेत, तोडणीला."

प्रोफेसर हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले, मग माझ्या हातातली शेशिया पाहिली. "दोन वाजता आम्हाला पुढच्या गावी पोहोचायचं आहे. तुमची बाग किती लांब आहे?"

"तीन किलोमीटर."

"गाडी काढा. आणि ते डोक्यावर घाला, थंडी आहे."

रुग्णालयाच्या गाडीतून आम्ही पाचजण निघालो. सी फर्जानी रुमालाने मानेचा घाम पुसत होते. उतारावर पोहोचलो तेव्हा खालच्या रस्त्यापासून वरच्या कड्यापर्यंत झाडांखाली माणसे होती. दर झाडाला एक शिडी, दर जाळीवर तीनचार बायका.

दहबियाने गाडी आधी पाहिली. ती शिडीवरून ओरडली नाही, पण तिचा आवाज मुळातच दोन शेतांपलीकडे जाणारा. "पोरींनो, लपा. पाहुणे इकडंच आले."

आणि त्या लपल्या. माझ्या बागेत पाच आणि शेजारच्या हाज अम्मारच्या बागेत सहासात माणसे खोडांच्या आड गेली. झाड अर्ध्या माणसाएवढेच रुंद असते. दोन्ही बाजूंनी झगे दिसत होते.

"सालिमा," डॉ. शाकिरांनी एका झाडाला उद्देशून म्हटले, "बाहेर ये."

सालिमा बाहेर आली. तिच्या कडेवर फळांची टोपली होती. टोपलीत पोत्याच्या घडीवर चार दिवसांचे बाळ झोपले होते.

"मी तुला गुरुवारपर्यंत खाट सोडू नको म्हणालो होतो."

"सी तिजानींनी निरोप दिला, पाहुणे येणार."

"आणि टाके?"

"टाके माझ्याबरोबरच आलेत, डॉक्टरसाहेब. ते कुठं मागं राहतात?"

प्रोफेसर जाळीच्या कडेला बसल्या. त्यांना बसायला महबूबाने फळांचा पेटारा उलटा करून दिला. त्यांनी सालिमाची जखम पाहिली, बाळाच्या टाळूवर बोट ठेवले आणि मान न वळवता म्हणाल्या, "अनीस, गाडीतली पिशवी आण. वहीही आण."

मग माणसे एकेक करून आली. हाज अम्मार एका हाताने शिडी धरून उभा होता आणि दुसरा हात त्याने जांघेत दाबलेला होता. त्या दिवशी सकाळी दहाला त्याच्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेली होती.

"हाज, तुम्ही पण?" डॉ. शाकिर म्हणाले.

"पाहुण्यांच्या देखत माझं हे काय दाखवायचं? चाळीस वर्षं सांभाळलंय, एक दिवस आणखी सांभाळीन म्हटलं."

दहबिया उजवा हात शालीखाली धरून उभी होती. आठ दिवसांपूर्वी शिंगाची कड तळव्यात घुसली होती. तेव्हापासून ती डाव्या हाताने फांद्या विंचरीत होती. डॉ. अनीसने पट्टी सोडली. हात मनगटापर्यंत सुजला होता आणि मध्ये पिवळा ठिपका चमकत होता.

"हे आजच उघडलं पाहिजे," तो म्हणाला.

"तू उघडणार?"

"हो."

"याआधी कधी उघडलंयस?"

"बघितलंय."

"बघून तर मी विमानही चालवीन," दहबिया म्हणाली. पण हात तिने मागे घेतला नाही.

तो उघडू लागला तेव्हा डॉ. शाकिर त्याच्या खांद्यामागे उभे राहिले आणि हात पाठीशी बांधून बोलत राहिले: इथून नाही, रेषेला समांतर; थोडं खोल; आता थांब, आपोआप येऊ दे. दहबियाने डोळे मिटून झाडाची साल नखांनी ओरबाडली. काम झाल्यावर अनीसने कपाळ बाहीला पुसले. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आमच्या वॉर्डात एका पोटाभोवती आम्ही दहाजण उभे असतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "टाका घालायची पाळी महिन्यातून एकदा येते. मी तिसऱ्या वर्षाला आहे."

नजवाची पाळी शेवटी आली. महबूबाने आणि दहबियाने, एका हाताने का होईना, घोंगडीचा आडोसा धरला. आम्ही पुरुष पाठ फिरवून उभे राहिलो. आडोशामागून प्रोफेसरांचा आवाज येत होता.

"कितवा आठवडा?"

"तेहतिसावा."

"पहिली कुठं झाली?"

"राजधानीत. ऑपरेशननं."

"आणि ही खेप कुठं?"

"तुम्ही हो म्हणालात तर इथं, डॉक्टर. नाही म्हणालात तर मावशीकडं, चौथ्या मजल्यावर."

"मी कोणाच्या गरजेकडं बघून हो म्हणत नाही, मुली. गरज सगळीकडं आहे. मी तीन गोष्टी बघते: शिकवणारा आहे का, काम आहे का आणि झोपायला जागा आहे का."

"काम तर झाडाआड उभं होतं," नजवा म्हणाली.

प्रोफेसर या वेळी हसल्या. घोंगडी खाली आली तेव्हा त्या नजवाच्या खांद्याला धरून उठत होत्या.

दोन वाजून गेले. पुढच्या गावाला सी फर्जानींनी फोनवर कळवले. महबूबाने तबूनाची, म्हणजे मातीच्या भट्टीतली रोटी, नवे तेल आणि हरीसा ही लाल मिरचीची चटणी पेटाऱ्यावर मांडली. पाहुण्यांना जमिनीवर बसून जेवावे लागले याचे तिला इतके वाईट वाटले की ती स्वतः जेवलीच नाही. अनीसने बोटांत शिंगे घालून एक फांदी विंचरली आणि फळांपेक्षा पाने अधिक पाडली.

"डॉक्टर, ती फांदी आहे," दहबिया म्हणाली. "मांजराचे केस काढतोयस का?"

निघताना प्रोफेसर डॉ. शाकिरांना बाजूला घेऊन गेल्या. मी जाळी गोळा करीत होतो, त्यामुळे मला ऐकू आले.

"तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होणार असं ऐकलंय."

"विचार आहे."

"शिकणारे पाठवले तर तीन वर्षं थांबावं लागेल. रोज दोन तास शिकवायचं, तेही लिहून काढलेल्या पाठांवरून, नुसतं बडबडून नाही."

डॉक्टरांनी उताराकडे पाहिले. "झोप मिळेल का?"

"तिघांत वाटून घेतलीत तर मिळेल."

"तिघांत? मी चार मागितले होते."

"दोन. चार मागणारे तीस जण आहेत आणि माझ्याजवळ अकरा जागा आहेत. त्याही विद्यापीठानं मानलं तर. अजून काही ठरलेलं नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि सी तिजानी, यापुढं आवरू नका."

त्यानंतरचे अकरा दिवस लांबले. पाऊस आला आणि तीन दिवस आम्ही घरात बसून फळे निवडली. सालिमा खाटेवर परत गेली. हाज अम्मारची शस्त्रक्रिया गुरुवारी झाली. नजवाने पिशवी भरून दाराशी ठेवली. मैसम रोज तिच्यातून बाळाचे मोजे काढून आपल्या बाहुलीला घाली आणि नजवा रोज ते परत ठेवी. मी नव्वदावे झाड मोजले तेव्हा तिने विचारले, "बाबा, ते नाहीच म्हणाले तर?"

"तर मी दर शुक्रवारी येईन. मैसमला घेऊन. जिना चढून."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे माझ्याबरोबरच येतील," मी म्हटले. त्यावर ती हसली. पण नंतर बराच वेळ पाने वेचताना तिने मान वर केली नाही.

पत्र अठरा डिसेंबरला आले. सी फर्जानी स्वतः बागेत घेऊन आले; त्यांचे बूट चिखलात रुतले होते. दोन निवासी डॉक्टर, सहा महिने, कामगिरी पाहून मुदतवाढ. महबूबाने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. तरी सी फर्जानींचा चेहरा उतरलेलाच होता.

"जागा मिळाल्या," ते म्हणाले. "पण जागा निवडायची असते मुलांनी. गुणांच्या क्रमानं. आधी किनारा संपतो, मग मोठी शहरं. डोंगराकडच्या जागा तशाच रिकाम्या राहतात. अठ्ठावीसला कळेल."

अठ्ठावीस तारखेला सकाळपासून नजवाची पिशवी दारातच होती, कारण एक जानेवारीला निघायचे तर मोटारीचे सांगून ठेवायला हवे होते. अकरा वाजता डॉ. शाकिर आमच्या झाडांखाली आले. त्यांना बागेत पायी येताना मी एकतीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनी शिडीची पायरी धरून दम खाल्ला.

"अनीसनं आमची जागा घेतली," ते म्हणाले. "वरून नववा होता तो. किनारा मिळत होता त्याला. दुसरीसाठी त्यानं वर्गातल्या एका मुलीला गळ घातली. हनीन नाव आहे. ती म्हणे रडली आणि मग तयार झाली."

"रडली का?" महबूबाने विचारले.

"थंडीला घाबरते."

त्याच संध्याकाळी महबूबाने लोकरीच्या दोन घोंगड्या उन्हातून काढून मागच्या खोल्यांत पोहोचवल्या. नजवाने पिशवी पुन्हा कपाटात ठेवली आणि मैसमला मोजे देऊन टाकले.

दोघे तीन जानेवारीला आले. हनीन किनाऱ्यावरच्या स्फॅक्स शहराची, उंच, कायम नाकाचा शेंडा लाल असलेली. आल्या आठवड्यातच तिने मला तीनदा बोलावले: एकदा गरम पाण्यासाठी, एकदा खिडकीच्या फटीसाठी आणि एकदा, काही बिघडलेले नसताना, बॉयलरच्या खोलीत उबेला बसण्यासाठी. थिएटरच्या दाराचे कुलूप मी काढून घेतले आणि ते कुठे ठेवावे हे न कळल्याने खिशातच वागवीत राहिलो. शुक्रवारी दोघे आमच्याकडे कुसकुस खायला येत. हनीन जेवता जेवता नजवाच्या पोटावर हात ठेवी आणि डॉ. शाकिरांच्या आवाजात म्हणे, "मुली, इथून नाही, रेषेला समांतर." नजवा हसता हसता ठसके.

बावीस जानेवारीला, शनिवारी, शेवटची सहा झाडे राहिली होती. लझहर सुटी काढून आदल्या दिवशीच आला होता. दुपारी जेवण झाल्यावर नजवा जाळीवरून उठली, एका हाताने खोड धरले आणि म्हणाली, "बाबा, गाडी आणता का? घाई नाही. पण आणा."

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही रुग्णालयात होतो. आवारात कोणी धावत नव्हते. अनीस रात्रभर जागून मागच्या खोलीत झोपला होता. त्याला कोणी उठवले नाही. हनीनने नजवाला तपासले, डॉ. शाकिरांना बोलावले, दोघांत चार वाक्ये झाली आणि शिवण ताणली जाते आहे, वाट पाहू नये, असे ठरले. दार बंद झाले. लझहर येरझाऱ्या घालू लागला. महबूबा बाकावर बसून बोटांच्या निळ्या नखांवर तेल चोळीत राहिली. मी यंत्राच्या वाफेचा आवाज ऐकत होतो. तो एकसारखा होता.

तीन वाजायच्या सुमारास रडणे ऐकू आले. बारीक, पण चिडलेले.

"मुलगी आहे," महबूबा म्हणाली.

"तुला कसं कळलं?" लझहरने विचारले.

"मुलगा एवढा लगेच भांडत नाही."

परिचारिका बाळ घेऊन बाहेर आली. मुलगीच होती. लझहरने ती घेतली, मग महबूबाने, मग खाली बसून आम्ही ती मैसमला दाखवली. नजवा आत शुद्धीवर होती आणि तिने विचारले होते की बाळ आधी कोणी पाहिले. परिचारिकेने सांगितले, "सगळ्यांनी."

दहा मिनिटांनी डॉ. शाकिर एकटेच बाहेर आले. हातमोजे काढलेले, अंगावर कोट. मी उठून उभा राहिलो.

"झालं सगळं?"

"माझं झालं. वरचे टाके ती घालतेय. माझ्यापेक्षा बारीक घालते."

दाराच्या काचेतून हनीनची वाकलेली मान आणि दिव्याखाली वरखाली होणारा हात दिसत होता. डॉक्टरांनी तिकडे एकदा पाहिले. मग कोटाची बटणे लावली.

"तुम्ही कुठं निघालात?" मी विचारले. एकतीस वर्षांत, टेबलावर बाई असताना, त्यांना मी दरवाजाबाहेर पाऊल टाकताना पाहिले नव्हते.

"न्हाव्याकडं," ते मानेवर वाढलेल्या केसांवरून हात फिरवीत म्हणाले. "शनिवारी दुपारी त्याचं दुकान उघडं असतं, असं ऐकलंय."

ते पायऱ्या उतरले, रस्त्याच्या कडेला थांबून फळांच्या पोत्यांनी लादलेली एक गाडी जाऊ दिली आणि पलीकडे गेले.